वाफसा
निळी. नखाएवढी, कुरळी, अजून ऊन... पोलादाची ती ढलपी सहादूने तळहातावर घेतली आणि चटका बसला तरी टाकली नाही. निळी म्हणजे ताप, ताप म्हणजे हत्यार जळणार — नाशिकच्या या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं त्याने पोरांकडून हेच घोकून घेतलं होतं. लेथवर पोलाद कापायचं तर आधी कूलंटची, म्हणजे गार ठेवणाऱ्या तेलपाण्याची, पांढरी धार, बाकी सगळं नंतर. आणि शेवटच्या वर्षाची ही योगिनी धारच बंद करून बसली होती! म्हणे तासाला वाटीभर तेल पुरे, हवेच्या फवाऱ्यातून.

“एवढी धार शेवटी जाते कुठे, सर?” तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मागच्या नाल्यात, आणखी कुठे जाणार... दर शनिवारी वापरलेल्या कूलंटचं पिंप तिथे रिकामं करणारा तोच होता.

आणि मंगळवारी — नको ते आठवायला — तिची चाचणी ऐन रंगात असताना त्याच्या हाताने, त्याला न विचारता, कूलंटचा नळ उघडला. सवय मेली, दुसरं काय! चाचणी वाया गेली. कापायची पाती तिच्याकडे मोजून दोन, त्यातलं एक फुकट. विभागप्रमुख साहेबांनी खडसावलं तेव्हा पोरगी शांतपणे म्हणाली, “माझ्याच हातून उघडला गेला, सर.” केवढीशी पोर, आणि काळीज बघा.

आज दुसरं पातं. हे जळालं तर उद्या परीक्षकांपुढे ठेवायला तिच्याकडे काही नाही. लेथ तसाच करकरत होता... आणि त्याचा हात पुन्हा नळावर.

“जळणार नाही, सर,” ती घड्याळावरची नजर न काढता म्हणाली. “ताप ढलपीबरोबर निघून जातो, म्हणून तर ती निळी. टोकाला फक्त वाफसा हवा. आमचे आप्पा मळ्यात सांगतात तसा. चिखल नको, कोरडंही नको.”

वाफसा! नांदगावला आई मूठभर माती दाबून बघायची, “अजून नाय, थांब जरा” म्हणायची... तो शब्द त्याने गावाकडच्या बोलीबरोबर कॉलेजच्या गेटाबाहेरच ठेवला होता, इतकी वर्षं. आणि या पोरीने तो बिनदिक्कत उचलून आत आणला, थेट लेथवर. कुठलं कुठे नेऊन जोडलं! त्याला तिचं कौतुक वाटलं, आणि त्यात थोडी असूयाही होती — असली तर असू दे.

नववं मिनिट. पातं टिकेल? सांगता येत नव्हतं. त्याने हात नळावरून काढला. कुठे ठेवावा ते कळेना.

“योगिनी,” तो म्हणाला, “किती तेल सोडायचं, ते तू कसं ठरवलंस?”

विचारून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं — बावीस वर्षांत पोरांना त्याने हजार प्रश्न विचारले होते, पण उत्तर माहीत नसलेला हा पहिलाच.