पंपघरातलं लाल कापड

दुर्गहून जाळीला वेल्डिंग मारून देवराव परतला आणि सोसायटीच्या फाटकातच थबकला. मुलांच्या हौदातली कारंजी उडत होती.

म्हणजे मोटर चालू होती. आणि हौदातलं पाणी ओढणाऱ्या भोकावरची जाळी तर त्याच्या काखेत होती!

निघताना त्याने पंपघरातल्या स्विचला लाल कापड बांधलं होतं. भिलाईच्या स्टील प्लांटात उभी हयात गेलेला माणूस आणखी काय करणार? लाल कापड दिसलं की तिथे कुणी हात लावत नाही, एवढं त्याला ठाऊक. खरं तर हौदच रिकामा करायला हवा होता. पण ऐन मे महिन्यात भरलेलं पाणी सोडून देणं त्याच्या जिवावर आलं.

"मोटर बंद करा! अरे, बंद करा!"

पोरांच्या गलक्यात ऐकतो कोण? काठावर उभ्या असलेल्या सेक्रेटरी शामसुंदरने उलट हसून हात हलवला.

तेवढ्यात देवरावला त्याची नात दिसली. उन्नती नेमकी त्याच कोपऱ्यात बुड्या मारत होती आणि तिची लांब वेणी मागे तरंगत होती. बघता बघता वेणी खाली ओढली गेली. उन्नती वर आलीच नाही.

मोटर चालू असेपर्यंत ती वेणी कुणाच्या बापाला सुटली नसती. बुडत्या नातीकडे पाठ फिरवून देवराव पंपघराकडे धावला. इतकं निर्दय काम त्याने जन्मात केलं नव्हतं. मेन स्विच खाली ओढला, तसाच मागे पळाला आणि कपड्यांनिशी हौदात उतरला.

उन्नतीला वर उचललं. ती खोकली, पाणी ओकली आणि भोकाड पसरून रडू लागली. ते रडणं ऐकून त्याच्या जिवात जीव आला, आणि पाठोपाठ संताप उसळला.

"कावून चालू केली बे मोटर? लाल कापड दिसलं नाही तुले?"

"दिसलं ना काकाजी." शामसुंदर म्हणाला. "हात जोडले, कुंकू लावलं, मंगच चालू केली. विश्वकर्मा पूजेले मशीनले लाल कापड तुमीच तर बांधता दरसाल."

देवरावचा उगारलेला हात खाली आला. तो पंपघरात गेला. मोटरवर गेल्या पूजेचं विटलेलं लाल कापड होतं, स्विचवर आज सकाळचं. दोन्ही गाठी त्याच्याच हातच्या होत्या.

देवराव तिथेच ओल्या फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.