मधेच मऊ

"मधेच मऊ आलंय," तो प्रिंटला जवळजवळ नाक लावून पुटपुटला. "कडेला ठीक आहे. मधेच मऊ, पुसट. असल्या काचेला लेन्स म्हणायचं आणि विकायचं."

जेवणाच्या टेबलावर प्रिंटच प्रिंट पसरले होते आणि उरलेल्या वीतभर जागेत त्याची बायको मटार सोलत होती. वापरून बघायला म्हणून दुकानातून आणलेला हा तिसरा कॅमेरा. पहिला रंग खातो म्हणून परत गेला. दुसरा हातात थरथरतो म्हणून. तो सबंध वेळ स्टँडवर घट्ट बसवलेला होता, पण हे त्याला सांगणार कोण?

चाळीस वर्षं त्याने स्टुडिओ चालवला. त्या भागातल्या निम्म्या माणसांच्या पासपोर्टवरचा चेहरा त्याच्या हातचा. समोरच्याला "हनुवटी खाली, हनुवटी खाली" म्हणत राहायचा, म्हणून गल्लीत त्याचं नावच हनुवटी पडलं होतं. फोटोत एखादा केस जरी हलला तरी तो स्वतःच्या खर्चाने दुसरा काढून द्यायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो चालेल की. हा म्हणायचा, तुम्हाला चालेल, मला नाही चालत.

आता स्टुडिओ बंद झाला होता आणि त्याने एक गोष्ट मनावर घेतली होती. तिचा एक मोठा फोटो. दाराएवढा. पापणीचे केस मोजता यावेत इतका स्पष्ट. त्यासाठी चांगला कॅमेरा आणि रुंद कागद घेणारा प्रिंटर, दोन्ही घरातच हवेत, दुसऱ्याच्या हातात काम द्यायचं नाही.

तिला आधी हसूच आलं होतं. घरात तिचे फोटो पुष्कळ होते, पण सगळे उजेड बघायला काढलेले. एकात अर्धा चेहरा काळोखात, एकात नाकावर उजेड मोजायचं करडं कार्ड धरलेलं, एकात ती चक्क पाठमोरी. "जरा उभी राहा गं, उजेड बघतो," म्हणून हाक आली की ती कणकेच्या हातांनी जाऊन उभी राहायची. उजेड जमला की खऱ्या गिऱ्हाइकाला बोलवायचे आणि ही परत कणकेकडे.

हा हट्ट तिला आवडला असता, पण एक गोष्ट तिला डाचत होती. गेले सहा महिने तो तिच्याशी बोलताना तिच्याकडे बघतच नव्हता. नजर तिच्या कानाच्या पलीकडे, मागच्या कपाटावर. पहिल्यांदा तर तिने वळून पाहिलं होतं, मागे कोण आलंय म्हणून. मग तिने वळणं सोडलं. जन्मभर काचेतून बघितलं, आता काचेतूनसुद्धा नको झाले, असं मनाशी म्हणून ती कुकर लावायची. टेबल एकच, ताटं दोन, आणि तो कपाटाशी बोलतोय.

मग चष्मेवाल्याकडे जाऊन आल्यावर तिला कळलं. नवा चष्मा फालतू आहे म्हणून हा तणतणत बाहेर पडला, तेव्हा चष्मेवाल्याने तिला काउंटरपाशी थांबवलं. चष्म्याचा प्रश्न नाही, म्हणाला, डोळ्याच्या पडद्याचा आहे. पडद्याच्या डॉक्टरांचं कार्ड दिलं. लवकर गेलात तर आहे तेवढं टिकतं, उशीर केलात तर गेलेलं परत येत नाही. हे त्याने दोनदा सांगितलं.

त्याला तीन महिने झाले. कार्ड चहाच्या डब्याखाली होतं. दर सकाळी ती डबा उचलायची, कार्ड बघायची, चहा करायची. डोळ्यांचा विषय काढला की तो म्हणे, माझे डोळे काढू नकोस, मी त्यांच्यावर घर चालवलंय. तिने फोनवर मुलाला सांगून पाहिलं. मुलगा दूर, त्याच्या सवडीच्या वेळेला इथे भलतीच वेळ असते. तो म्हणाला, आई, त्यांना म्हणावं जास्त मेगापिक्सेलचा घ्या. बापाशी हे बोलायचं धाडस त्यालाही नव्हतं.

आणि त्यातच ती फळी. कॅमेरा पारखायची त्याची जुनी रीत होती: वर्तमानपत्राचं एक अख्खं पान फळीवर चिकटवायचं, त्याचा फोटो काढायचा, तेवढ्याच आकाराचा प्रिंट काढायचा आणि कोपऱ्यातली बारीक अक्षरं भिंगातून वाचायची. वाचता आली तर लेन्स पास. पान वर्षानुवर्षं तेच. तीन आठवड्यांपूर्वी फळी पुसताना ओलं फडकं लागलं आणि पिवळं पडलेलं पान लगदा होऊन हातात आलं. घाबरून तिने त्या आठवड्यातलं पान चिकटवलं. संध्याकाळी ओरडेल, म्हणून तयारीतच होती. तो ओरडला नाही. त्याच्या लक्षातच आलं नाही.

मटार फ्रिजमध्ये गेले आणि दोघं फळी घेऊन दुकानात गेली. दुकानदारीण एके काळी त्याच्या हाताखाली शिकलेली. आता तिचेच केस पिकायला लागलेले, तरी त्याला बघून उठून उभी राहायची. तिने चौथा कॅमेरा काढला, फळीचा फोटो घेतला. मोठा प्रिंटर मागेपुढे सरकत सावकाश कागद बाहेर टाकायला लागला. बारा शाया, मॅट कागद, इंचाला तीनशे ठिपके, ती सांगत होती. तो मान डोलावत होता.

प्रिंट टेबलावर पसरल्यावर त्याने खिशातून भिंग काढलं आणि उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यावर टेकवलं.

"शिलाई मशीन विकणे आहे," त्याने ठणठणीत आवाजात वाचलं. "पायाचे. चालू स्थितीत."

ती जाहिरात लगद्याबरोबर गेली होती. आता त्या कोपऱ्यात शब्दकोड्याचं उत्तर होतं.

दुकानदारिणीने कागदाकडे पाहिलं, मग त्याच्या बायकोकडे.

"बरोबर ना गं?" त्याने कपाटाला विचारावं तसं कुणीकडेतरी बघत विचारलं.

"बरोबर," ती म्हणाली.

"कोपरा पास. पण मधे मऊ आहे, बघ. याही लेन्सला."

दुकानदारीण सावकाश म्हणाली, "सर, लेन्स कडेला मऊ असते. मधे नसते. हे तुम्हीच शिकवलंत मला." आणि एवढ्यावरच थांबली. पुढचं वाक्य तिच्या तोंडाशी आलेलं दिसत होतं. ते गिळून तिने त्याच्या बायकोला खिडकीपाशी उभं केलं, काकू, इकडे बघा म्हणाली, फोटो काढला, दाराएवढा प्रिंट केला आणि पुठ्ठ्याच्या नळीत घालून दिला. घरच्या उजेडात बघा, सर. निघताना दुकानदारिणीने काकूंचा हात धरून ठेवला, जरा जास्तच वेळ.

घरी त्याने प्रिंट खिडकीसमोरच्या भिंतीला चारी कोपऱ्यांत टाचण्या मारून लावला. टाचण्या त्याने हाताने चाचपत लावल्या. तिने स्वतःला बघितलं आणि बघतच राहिली. डोळ्यांखालच्या सुरकुत्या, भुवईतला पांढरा केस, लहानपणी पडल्याची ओठावरची खूण. बाई, केवढी म्हातारी, आणि केवढी स्पष्ट. इतकं नीट तिला कुणी बघितलं नव्हतं, आणि ज्याने बघावं म्हणून हे सगळं, तो समोर उभा राहून मान तिरकी करत होता. डावीकडून. उजवीकडून. पुढे गेला. मागे आला.

"अजून मोठा हवा," तो म्हणाला. "याहून मोठ्या प्रिंटरचं बघू."

ती स्वयंपाकघरात गेली. चहाचा डबा उचलला. परत आली तेव्हा कार्ड तिच्या हातात होतं.

"फळीवरचं पान मी बदललंय," ती म्हणाली. "तीन आठवडे झाले. जुनं फाटलं माझ्याकडून. तिथे शिलाई मशीन नाहीये हो."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"दुकानात तू बरोबर म्हणालीस."

"म्हणाले. चुकलं माझं. हे डोळ्यांच्या डॉक्टरांचं कार्ड."

तो वळला. नजर नेहमीसारखी तिच्या कानाच्या पलीकडे गेली आणि तिथेच थांबली.

"असं बघितलं की तू थोडी दिसतेस," तो म्हणाला. "केस, कान, कानातलं. सरळ बघितलं की चेहराच जातो. वाटलं, मोठा केला तर सापडेल." त्याने हात पुढे केला, तो कार्ड हुकून बाजूने गेला, आणि तिने पुढे होऊन तो धरला. "प्रिंट चांगलाच असणार गं. मला दिसत नाही."