रुसलेलं बदामाचं झाड

ताफ्राउत गावच्या पोस्टाबाहेर टेबल टाकून मी तेव्हा लोकांची पत्रं लिहून द्यायचो. रकियाचा नवरा बिही फ्रान्सच्या कोळसा खाणीत होता. लग्नानंतर दीड महिन्यात गेला, त्याला तीन वर्षं झालेली. महिन्यातून एकदा रकिया सासूबरोबर यायची. मजकूर सांगायची सासूच, तामू. "शेळी व्याली. काकाचे गुडघे दुखतात. बाकी खुशाल." रकिया चादर तोंडापर्यंत ओढून खाली बघत बसायची.

एकदा मी विचारलं, "तुला काही लिहायचंय का, मुली?"

परक्या पुरुषासमोर, तेही सासूच्या देखत, ती काय सांगणार? चादरीआडूनच म्हणाली, "लिहा, दारातलं बदामाचं झाड रुसलंय. फुललं, पण रस्त्याकडे पाठ करून उभं आहे."

"अगं, झाडाला कुठली आली पाठ?" तामू उसळली. "लिहू नका हो, सी हम्मू. तो म्हणेल, बायकोला वेड लागलं."

मी लिहिलं.

पुढच्या महिन्याच्या पत्रात चहाची किटली अडून बसली होती, दोघींपुरतं उकळणार नाही म्हणत होती. त्यानंतर घोंगडीची तक्रार आली, एक कूस उबदार, दुसरी गारठलेली. ते लिहिताना माझीच मान वर होईना. तामूने सुनेकडे रोखून पाहिलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण ती एवढंच म्हणाली, "लिहा. घोंगडी माझ्या आईची आहे, खोटं बोलायची नाही."

बिहीचं उत्तर आलं, ते मीच वाचून दाखवलं. आईची चौकशी, शेळीची चौकशी, आणि शेवटी एक ओळ, 'घोंगडीला सांगा, तिला इकडे आणायचे कागद करतोय.' रकियाने ती ओळ माझ्याकडून चारदा वाचून घेतली.

कागद व्हायला दोन वर्षं गेली. मग एका सकाळी ती बसमध्ये बसून गेली.

महिन्याने तामू एकटीच आली. टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"काय लिहू, लाल्ला तामू?"

"सरळ लिहा. पोरीला लाज वाटायची, मला या वयात कसली? लिहा, तुमची फार आठवण येते. दोघांची. आणि नाव तिचं आधी घाला."

मी लिहून पाकीट चिकटवलं. पोचायला किती दिवस लागतात, असं तिने विचारलं. तिला ठाऊक होतं. तरी मी सांगितलं.