कणगीची खोली

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे त्र्याहत्तरच्या फाल्गुनात, माझ्या सासूबाईंनी एक पारधी मुलगी घरात आणून ठेवली. मला सातवा महिना होता, म्हणून मी कामावर जात नव्हते. त्यामुळे दिवसभर ती माझ्याच वाट्याला आली.

सासूबाईंचं नाव मुक्ताबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. आमचं गाव सुप्यापासून दोन कोसांवर. वरच्या माळाला पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं आणि तिथल्या बायकांच्या एका टोळीवर आत्याबाई मुकादम होत्या. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगा, म्हणजे आमचे हे, पिंपरीला कंपनीत. बाई कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. त्यांच्या टोळीत मराठ्यांच्या, माळ्यांच्या, धनगरांच्या बायका होत्या आणि एक झुंबर होती. झुंबर पंधरा-सोळा वर्षांची असेल. तिला आई नव्हती. बाप आणि थोरला भाऊ आसाराम यांच्याबरोबर ती माळाच्या पलीकडे पालात राहायची.

एका सकाळी गावातल्या सहादेवाचे दोन बोकड गोठ्यातून नाहीसे झाले. कुणी नेले ते कुणी पाहिलं नव्हतं आणि शोधायची गरजही कुणाला वाटली नाही. दुपारच्या आत पोलीस येऊन झुंबरच्या बापाला घेऊन गेले. आसाराम पळाला. मग गावातली माणसं माळावर गेली आणि त्यांनी पालं पेटवून दिली. झुंबर तेव्हा तलावावर होती, डोक्यावर मातीचं घमेलं. धूर बघून ती धावत सुटणार, तोच आत्याबाईंनी तिचा दंड धरला.

"तिकडं काय ऱ्हायलं न्हाई आता," त्या म्हणाल्या. "रांगेत उभी ऱ्हा."

थोड्या वेळाने शिपाई आला. भाऊ सापडेपर्यंत बहिणीला ठाण्यावर बसवून ठेवायचं, अशी तेव्हाची रीत होती. त्याच्या आधी भागूबाई नावाच्या म्हातारीने स्वतःच्या अंगावरचं जुनं धडुतं झुंबरच्या डोक्यावरून पांघरलं होतं. आत्याबाईंनी सांगितलं, पोरगी सकाळीच पळाली. रांगेत चाळीस बायका होत्या आणि चाळिसांनाही ठाऊक होतं की ती मधोमध उभी आहे. एकीनेही मान वळवली नाही. काम सुटल्यावर सगळा घोळका गावात शिरला, आमच्या दारावरून पुढे गेला आणि झुंबर आमच्याकडे राहिली.

आमच्या घरात मागच्या बाजूला कणगीची खोली होती. खिडकी नाही, एक दार आणि वर हात जाईल एवढा झरोका. दोन वर्षं पीक नव्हतं, त्यामुळे कणग्या रिकाम्याच होत्या. तिथे पोतं अंथरून तिला बसवलं. सकाळी आत्याबाई कामावर गेल्या की मी बाहेरून कडी घालायची, असं ठरलं. कुणी आलंच तर रिकाम्या खोलीला कडी असते, तशी ती दिसली पाहिजे.

झुंबर जन्मात कधी चार भिंतींच्या आत झोपली नव्हती. पहिल्या दिवशी ती खोलीच्या मध्ये उभीच राहिली, दुपारपर्यंत. मी रेशनच्या तांबड्या मिलोची भाकरी घेऊन गेले तर म्हणाली, "वैनी, हितं हवा कुठून येती?" मी झरोका दाखवला. तिने वर पाहिलं. पुढे पुढे ती दाराशी आडवी पडून राहायला लागली, उंबऱ्याच्या फटीला तोंड लावून. मी दाराबाहेर दळण निवडत बसले की मला त्या फटीतून तिचा श्वास ऐकू यायचा.

एक गोष्ट सांगितली पाहिजे. आत्याबाईंनी तिला घरात घेतलं खरं, पण तिची जर्मनची ताटली वेगळी ठेवली होती आणि पाणी वरून ओतायचं असं मला बजावलं होतं. मी तसंच करायचे. झुंबर ओंजळ धरायची आणि माझ्याकडे न बघता प्यायची. मला ते डाचायचं, पण मी नवी सून. या घरात कुठल्या भांड्याला हात लावायचा तेही मला विचारावं लागायचं.

सहाव्या-सातव्या दिवशी भर दुपारी खोलीतून तित्तर ओरडला. मी दचकले. परत ओरडला, अगदी हुबेहूब. मी कडी काढून आत गेले.

"गप," मी म्हटलं. "शेजारी ऐकतील."

"गावात तित्तर येत न्हाई व्हय?"

"कणगीच्या खोलीत न्हाई येत."

ती हसली. ती हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. बाप असं ओरडला की तित्तर कसे फाशाकडे चालत येतात, ते तिने मला सांगितलं. आणि मग सांगता सांगता थांबली. बापाला ठाण्यावर काय करत असतील, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

दहाव्या दिवशी रंगनाथ भाऊजी आले. ते गावचे पोलीस पाटील आणि आत्याबाईंचे चुलत दीर; त्या म्हणायच्या म्हणून मीही त्यांना भाऊजीच म्हणायचे. त्या दिवशी काम बंद होतं, आत्याबाई घरी होत्या. भाऊजी ओसरीवर बसले, मी दिलेला काळा चहा प्यायले, पाऊसपाण्याचं बोलले आणि मग म्हणाले, "वैनी, आत कोन हाय ते मला ठावं हाय."

आत्याबाई सुपातले खडे वेचत राहिल्या.

"एका दिवसासाठी पाठवा. इचारतील, सोडतील. मला वरून लई बोलनी खावी लागत्यात."

"मागल्या साली त्या काळ्या पारध्याच्या बायकोला एका दिवसासाठीच नेली हुती. किती दिवसांनी आली?"

आत्याबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"आन आली ती कशी आली, ते तुमीच बैलगाडीतून आनली म्हनून तुमालाच ठावं."

भाऊजींनी कप खाली ठेवला. ते वाईट नव्हते. पण त्यांच्यावर ठाणं होतं, आणि गावही होतं. "सुप्याच्या बाजारापातूर माझ्याच्यानं थांबवंल," ते म्हणाले. "त्याच्या म्होरं मी आडवा हुनार न्हाई. गाव म्हनतंय, घराची झडती घ्या." बाजार चार दिवसांवर होता.

हे सगळं बोलणं भिंतीपलीकडे झुंबरला ऐकू गेलं असणार. दुसऱ्या दिवशी आत्याबाई कामावर गेल्या. दुपारी मी भाकरी द्यायला दार उघडलं आणि मला एकदम चक्कर आली. मी भिंतीला धरून खाली बसले. झुंबरने मला ओसरीवर आणून निजवलं, डोक्याखाली घोंगडी दिली, आणि मला बरं वाटतंय हे बघितल्यावर मागच्या दाराने निघून गेली. मला उठता येत नव्हतं. हाक मारणंही शक्य नव्हतं. मी पडून राहिले आणि खरं सांगायचं तर मनात कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. लगेच त्याची लाज वाटली.

तासाभराने ती परत आली. पायाला काटे मोडलेले, ओठ सुकलेले. घरात आली, स्वतःच कणगीच्या खोलीत गेली आणि खाली बसली.

"का आलीस?" मी विचारलं.

"ओढा वलांडून गेल्ते," ती म्हणाली. "वाटलं, माळाला लागलं की कळंल कुठं जायाचं. तर पालं जिथं हुती तिथं नुसती राख. आमची मानसं घोड नदीच्या पल्याड गेली आसतील. मी एकटी निगाले तर पयल्याच गावात धरतील. सगळा माळ मोकळा हाय, वैनी, आन उभं ऱ्हायाला जागा न्हाई."

मी तिला तांब्या दिला. वरून ओतायचं माझ्या लक्षातच आलं नाही. तिने तांब्या तोंडाला लावला, आणि तेवढ्यात कामावरून आलेल्या आत्याबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांनी तांब्याकडे पाहिलं. मग पाठ करून चुलीकडे गेल्या. तो तांब्या पुढे वेगळा ठेवला गेला नाही, एवढंच मला सांगता येईल.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी झुंबर स्वतःहून ओसरीवर आली. आत्याबाईंसमोर बसली. "बाई, मला लपवू नगा," ती म्हणाली. "लपली म्हंजी केलं आसंल, आसंच म्हनत्यात. मला समद्यांच्या देखत उभी करा. धरायचं तर समद्यांच्या देखत धरू द्या."

आत्याबाई उठल्या. मग चपला घालून बाहेर पडल्या. पहिल्यांदा भागूबाईकडे गेल्या, मग टोळीतल्या लंकाबाईकडे, मग एकेकीकडे. सगळ्याच तयार झाल्या असं नाही. सहादेवाच्या भावजयीने दार लावून घेतलं. दोघींच्या नवऱ्यांनी त्यांना दम दिला. तरी बाजाराच्या आदल्या सकाळी आमच्या दारासमोर एकोणीस बायका उभ्या होत्या. मध्ये झुंबर, उघड्या डोक्याने. सगळ्या सडकेपर्यंत चालत गेल्या आणि नगरच्या यष्टीत चढल्या. गाव बघत राहिलं. रंगनाथ भाऊजी पारावर होते. ते उठले नाहीत, आडवेही आले नाहीत.

मी त्यांच्याबरोबर नव्हते. पुढचं मला भागूबाईने सांगितलं. नगरला पोलिसांच्या मोठ्या साहेबाच्या कचेरीबाहेर त्या सकाळपासून चार वाजेपर्यंत उन्हात बसल्या. शिपायाने तीनदा हाकललं. शेवटी साहेबाने आत घेतलं. त्याने विचारलं, या मुलीची जबाबदारी कोण घेणार? आत्याबाई म्हणाल्या, मी. मागून भागूबाई म्हणाली, मी पण. मग सगळ्याच म्हणाल्या. साहेबाने कपाळाला हात लावला म्हणे. पण त्याने कागद करून दिला. मुलगी मुक्ताबाईच्या ताब्यात राहील, चौकशीला दिवसा बोलवायचं, सोबत दोन बायका असतील. आणि खाली आणखी दोन ओळी होत्या. तिने दर सोमवारी ठाण्यावर हजेरी द्यायची. एरवी परवानगीशिवाय गावाची शीव ओलांडायची नाही.

त्या दोन ओळी एकीलाही वाचता आल्या नव्हत्या. घरी आल्यावर मी वाचून दाखवल्या. माझी सातवी झाली होती. आत्याबाईंचा चेहरा पडला. झुंबर म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचलं. तिने कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि कनवटीला लावला.

गावाने तिला गावठाणात ठेवू दिलं नाही. तेव्हा ओढ्याजवळच्या आमच्या पडीक तुकड्यात बायकांनी खोली बांधली. तलावाच्या कामावरून सुटल्यावर रोज तासभर, दगड वाहून. झुंबरने एक बाजू उघडीच ठेवायला लावली, तिथे नुसता बांबूचा तट्ट्या. पहिले सहा महिने पाळीपाळीने दोघी दोघी तिच्याकडे झोपायला जात. माझा मुलगा झाल्यावर मीही गेले.

झुंबरचा बाप श्रावणात सुटून आला. एक पाय ओढत होता. तो खोलीत आला नाही, बाहेर दगडावर बसला. आसाराम सापडला नव्हता, पुढेही सापडला नाही. बोकड कुणी खाल्ले तेही कधी कळलं नाही. बाप तिला न्यायला आला होता. झुंबरने कागद दाखवला. दोघं त्यांच्या बोलीत हळू बोलले. मला काही समजलं नाही, पण बोलणं दोनच वाक्यांचं होतं. मग तो पाणी प्यायला आणि काठी टेकत निघून गेला. ती शिवेच्या दगडापर्यंत त्याच्याबरोबर गेली. तिथे थांबली. तो दिसेनासा झाल्यावरही बराच वेळ तिथेच उभी होती.

पुढच्या वर्षी माघात श्रीगोंद्याकडून एक पारधीण दोन मुलींना घेऊन आली. एक तेरा वर्षांची, एक आठ-नऊची. त्यांचे आईबाप दोघेही आत होते. तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं की या गावात ओढ्याकाठी एक खोली आहे. झुंबरने आत्याबाईंना विचारलं नाही. मुलींना आत घेतलं, चुलीवर पाणी ठेवलं आणि मग येऊन सांगितलं. "दोन आल्यात," ती म्हणाली. "ऱ्हातील."

"ऱ्हाऊ दे," आत्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी सोमवार होता, झुंबरच्या हजेरीचा. त्या पोरींना एकटं ठेवायचं भय वाटलं, म्हणून झुंबरने त्यांनाही बरोबर घेतलं. मी पाण्याला निघाले होते. तिघी ठाण्याच्या वाटेने चाललेल्या दिसल्या. मोठी पोरगी विचारत होती, तिथं किती वेळ बसायचं असतं.

"सायब येईपातूर," झुंबर म्हणाली. "भाकरी घेतलीया."