तुळईखालचा जॅक

मी एक जुना जॅक आहे, मित्रांनो, आणि कोणी मला जुना म्हटले की मला रागही येतो. उंचीने वीतभर, अंगाने बाटलीसारखा, पोटात तेल. दांडा वर-खाली केला की माझी मान हळूहळू वर येते आणि डोक्यावरची गाडी उचलली जाते. माझा जन्म भट्टीत आणि ठोकाठोकीत झाला. तिथले फारसे आठवत नाही. आठवते ते मिस्तरींचे गॅरेज.

मिस्तरी हाताने हुशार आणि प्रार्थनेत घाईचे. दुपारी त्यांची बायको डबा घेऊन यायची. जेवणाआधी ती डोळे मिटून देवबापाचे उपकार मानायला लागली की डबा पार गार व्हायचा. ती एकेका गोष्टीचे नाव घ्यायची: आजचे काम, नळाला आलेले पाणी, मिस्तरींची शाबूत बोटे. एकदा तिने माझेही नाव घेतले. मिस्तरींनी एक डोळा उघडला, आता पान्यांचीही हजेरी घे म्हणाले आणि ‘आमेन’ म्हणून मोकळे झाले. मला मात्र त्या दिवशी काय उचलू आणि काय नको असे झाले होते.

मग चाकांचा नवा जॅक आला. लाल रंगाचा, मोठा ऐटबाज. माझी रवानगी कपाटामागे झाली. माझ्यातले तेल कोणी बदलले नाही. अंगावर गंज चढला, पोटात तेल अडवून धरणारी रबरी चकती सुकून तडकली. आता भार उचलला असता तरी तेल गळले असते आणि मी हळूहळू खाली बसलो असतो. मिस्तरींना हे ठाऊक नव्हते, कारण त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते.

तो रविवार होता. समोरच्या प्रार्थनामंदिरात उपासना सुरू व्हायला अवकाश होता. मिस्तरींची बायको आणि पाळकांची म्हातारी आई फुले मांडायला आधीच गेल्या होत्या. पाळक शेजारच्या घरात झगा चढवत होते आणि मिस्तरी नळाखाली हातांचे काळे घासत होते. तेवढ्यात जमीन हादरली. खिळ्यांवरचे पाने खणखण खाली आले, कपाट आडवे झाले आणि मी घरंगळत दाराशी गेलो. धूळ खाली बसली तेव्हा समोरचे छप्पर जागेवर नव्हते.

मिस्तरी धावत गेले. ढिगाऱ्याखालून बायकोचा क्षीण आवाज येत होता. रस्ता फुटला होता, त्यामुळे मोठे यंत्र येण्याची आशा नव्हती. मिस्तरींनी लाल जॅक ओढत नेला, पण विटांच्या ढिगावर त्याची चाके टेकेनात. तेव्हा ते उलट पावली आले आणि मला उचलून पळाले.

दोघींवर एकच जाड तुळई आडवी पडली होती. मिस्तरी पोटावर सरपटत फटीत शिरले. तुळई भलतीकडून उचलली तर ती घसरून थेट अंगावर येणार, हे त्यांना कळत होते. आत काही म्हणजे काही दिसत नव्हते. कुठे अडकलीस, कुठे दुखतेय, असे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले. उत्तर आले नाही. प्रार्थना ऐकू आली.

“देवबापा, तुझे उपकार. पाय हलतायत. उजवा खांदा मोकळा आहे. आईंचा हात माझ्या हातात आहे, ऊबदार आहे.”

मिस्तरी तिचे एकेक नाव बोटांवर मोजत गेले. मग एकदम त्यांच्या लक्षात आले. “आणि डावा खांदा?”

“त्याचं तुम्ही बघा.”

ज्याचे उपकार तिने मानले नव्हते, तिथेच भार होता. मिस्तरींनी मला डावीकडे सरकवले आणि दांडा हलवायला सुरुवात केली. माझी मान वर गेली, तुळई कुरकुरली आणि पोटातून तेल गळायला लागले. तुळई बोटभर वर जायची आणि लगेच अर्धे बोट खाली यायची. मी जीव तोडून धरत होतो, पण तेल टिकेल तरच जॅक टिकणार.

तेव्हा मागून एका हाताने लाकडी ठोकळा पुढे केला. तो पाळकांचा हात होता. झग्याची एकच बाही त्यांनी घातली होती, दुसरी मातीत लोळत होती. मोडलेल्या बाकांचे तुकडे ते गोळा करून आणत होते. तुळई जरा उचलली की मी खाली बसायच्या आत ते खाली ठोकळा सरकवत. खालून धापा टाकत प्रार्थना चालूच होती. पाय हलतायत, उपकार. खांदा मोकळा, उपकार. आईंचा हात आहे, उपकार. पुन्हा तेच, पुन्हा तेच.

मग एकदा ती पाय म्हणाली, खांदा म्हणाली आणि पुढे गप्प झाली.

मिस्तरींचा हात दांड्यावर थबकला. त्यांनी मागे पाहिले. पाळकांनीही ऐकले होते. त्यांनी पुढचा ठोकळा उचलला.

“थांबू नका,” ते म्हणाले. “तुळई बसतेय.”

मिस्तरींच्या बायकोला बाहेर काढले तेव्हा तिचा डावा खांदा मोडलेला होता आणि उजव्या मुठीत आईंचा हात तसाच होता. पाळकांनी तो हळूच सोडवून घेतला आणि तिथेच विटांवर बसले. मिस्तरी बायकोजवळ मान खाली घालून उभे राहिले. रडावे की हसावे, त्यांना कळत नव्हते.

“मिस्तरी, उपकार माना,” पाळक म्हणाले.

“तुमच्यासमोर कसे मानू?”

“माझ्यासमोरच माना. मला एकट्याला जमत नाहीये.”

मिस्तरी गुडघ्यांवर बसले. बायकोच्या श्वासासाठी त्यांनी उपकार मानले. ठोकळे देणाऱ्या हातांसाठी मानले. शेवटी ते म्हणाले, आईंचा हात धरायला शेवटपर्यंत कोणीतरी होते, त्यासाठी. पाळकांनी आमेन म्हटले आणि मग ते रडले.

मित्रांनो, माझी चकती शाबूत असती तर आम्ही तो हात ऊबदार असतानाच पोहोचलो असतो का, मला ठाऊक नाही. मला त्याचे वाईट वाटते, आणि मिस्तरींच्या बायकोचा आवाज ऐकला की आनंदही होतो. तुमच्या घरात कपाटामागे एखादी कामाची वस्तू पडली असेल तर तिला आजच बाहेर काढा, पुसा, तेल द्या. मिस्तरींनी मला नवी चकती बसवली आहे. ते रोज सकाळी माझ्यावर भार ठेवून पाहतात. कधीकधी पाळकही येतात आणि मी भार धरून ठेवतो की नाही, ते उभे राहून बघतात.