पाचव्या खोलीचं माप

मी एक जुना हीट पंप आहे. जुना म्हणजे फार नाही, सात हिवाळे पाहिलेला. आमच्या जातीचं यंत्र पंधरा हिवाळे आरामात काढतं, तेव्हा मला म्हातारा म्हणाल तर राग येईल. पण माझ्या नळ्या कापल्या आहेत आणि एका दुकानाच्या मागच्या अंगणात, फुटक्या बादल्यांशेजारी मला टेकवून ठेवलं आहे. चार दिवसांत कोणीतरी माझ्यातलं तांबं काढून नेईल. त्याआधी, मित्रांनो, मला जे सांगायचं आहे ते सांगून टाकतो. गोष्ट चांगली नाही. ऐकवत नसेल तर आत्ताच उठा, मी वाईट वाटून घेणार नाही.

आधी मी काय करतो ते सांगतो, कारण मोठमोठ्या माणसांनाही ते ठाऊक नसतं. बाहेर कितीही गारठा असला तरी हवेत थोडी ऊब शिल्लक असतेच. ती मी कणाकणाने गोळा करतो, दाबून वाढवतो आणि पाण्याला देतो. ते पाणी नळ्यांतून घरभर फिरतं, खोल्याखोल्यांतले रेडिएटर, म्हणजे भिंतीला लावलेले पोकळ लोखंडी तक्ते, तापवतं आणि गार होऊन माझ्याकडे परत येतं. मी ऊब तयार करत नाही, बाहेरची आत आणून देतो, म्हणून वीज कमी खातो. पण माझ्यात एक उणीव आहे, ती लपवणार नाही. जुन्या बॉयलरसारखं चटका देणारं पाणी मला जमत नाही. माझं पाणी हात ठेवता येईल इतकंच गरम. त्यामुळे मला रुंद रेडिएटर लागतात आणि घराचं माप नेमकं लागतं. बेतून शिवलेल्या कपड्यासारखं आहे माझं. अंगाला बसलो तर बसलो, नाही तर जन्मभर उसवत राहतो.

कारखान्यात मला बर्फाच्या खोलीत कोंडून तपासलं होतं आणि मी पास झालो होतो. तिथून दुकानात आलो. दुकानवाल्या बाईंनी मला दाराजवळ उभं केलं आणि एक दिवस मास्तर आले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. बुटका, ताठ मानेचा माणूस, गळ्यात मोजायची टेप कायमची. बरोबर त्यांची बायको, जिला सगळी गल्ली काकू म्हणत असे. त्यांचा जुना बॉयलर तेल पिऊन पिऊन मेला होता आणि मास्तरांना स्वस्तात चालणारं, दगा न देणारं यंत्र हवं होतं. गिऱ्हाईक असावं तर असं! त्यांनी तीन यंत्रं बघितली. आवाज किती, वीज किती, हमी किती वर्षांची, सुटे भाग गावात मिळतात का, बिघडल्यावर मिस्त्री किती दिवसांत येतो, कडाक्याच्या थंडीत यंत्राची ताकद किती घटते, सगळं खोदून खोदून विचारलं. बाई खूश झाल्या.

"सगळं ठरल्यात जमा आहे," त्या म्हणाल्या. "फक्त एकदा मी घरी येऊन खोल्या मोजून जाते. मग सांगते कोणता घ्यायचा."

मास्तरांच्या कपाळावर आठी पडली. "बाई, मापं घेण्यात माझी हयात गेली. आणि तुम्ही मला माप शिकवता?"

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. काय कागद होता! भिंतींची जाडी, खिडक्यांची लांबीरुंदी, कुठल्या फटीतून वारा येतो, सगळं रेखीव अक्षरात. "तीनदा मोजावं, एकदा कापावं," ते म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं वाक्य, पुढे मी ते हजारदा ऐकलं.

"चारच खोल्या?" बाईंनी विचारलं.

"अहो..." काकू बोलू लागल्या.

"चारच," मास्तरांनी मध्येच तोडलं.

चार खोल्यांच्या हिशेबाने मी बसत होतो. माझ्याहून मोठा भाऊ शेजारीच उभा होता, पण तो महाग आणि गरजेपेक्षा जास्त. मास्तरांनी मला निवडलं. मला तेव्हा किती आनंद झाला होता, आज आठवलं की लाज वाटते.

मास्तरांच्या कामाच्या खोलीबाहेर, खिडकीखाली मला बसवलं. त्यामुळे त्या खोलीतलं सगळं मला ऐकू यायचं. बाकीच्या घराची खबर फक्त परत येणाऱ्या पाण्यावरून कळायची. मिस्त्रीने चार खोल्यांत नवे रुंद रेडिएटर लावले. मग तो टेबलाशी येऊन उभा राहिला.

"मास्तर, टोकाला अजून एक खोली आहे की. दोन बाजूंनी उघडी, वारा सरळ आपटतोय."

"ती धरू नका. तिथे कोणी राहत नाही."

"नळी तिकडेही गेलीय."

"बंद करा."

मिस्त्रीने त्या नळीची चावी पिळून बंद केली. आतला अरुंद, जुना रेडिएटर तसाच राहिला. मला वाटलं, असेल अडगळीची खोली. आपल्याला काय करायचंय?

खोली कोणाची हे मला गिऱ्हाइकांच्या कुजबुजीतून कळलं. मास्तरांचा एकुलता एक मुलगा. त्याला शिवणकाम नको होतं. भांडण झालं, शब्दाला शब्द लागला आणि मास्तर म्हणाले, "या घरात तू नाहीस असं मी धरून चालेन." मुलगा दगड कापायच्या कारखान्यात कामाला निघून गेला. बोलल्याप्रमाणे मास्तरांनी तसं धरलं, अगदी कागदावरसुद्धा. काकू मात्र रोज ती खोली उघडून झाडत असत. केरसुणीचा आवाज रिकाम्या नळीतून माझ्यापर्यंत पोचायचा.

सहा हिवाळे माझे सुखाचे गेले. खोटं कशाला बोलू, मी मिरवलो. विजेचा खर्च बॉयलरच्या तेलाच्या निम्म्यावर आला. मास्तर येईल त्याला खिडकी उघडून मला दाखवायचे. "आवाज येतोय का? येणारच नाही! तीनदा मोजलं होतं मी." तो कागद त्यांनी टेबलावरच्या भिंतीला डकवून ठेवला होता. शेजारचा चांभार म्हणायचा, "मास्तर, आता त्याला हार घाला म्हणजे झालं." दोघेही हसायचे आणि मी पंखा अंमळ जोरात फिरवायचो.

सातव्या वर्षी, पानं गळायच्या दिवसांत मुलगा परत आला. आधी मला खोकला ऐकू आला, मग पावलं. सात-आठ वर्षं दगडाची भुकटी छातीत भरून तो आला होता. तो कामाच्या खोलीच्या दारात उभा राहिला असावा, कारण शिवणाचं यंत्र थांबलं.

मास्तर म्हणाले, "खोली आहे तुझी," आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

एवढंच. जवळ घ्यावं, विचारपूस करावी, काही नाही. सुंभ जळतो, पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ बापातही होता आणि लेकातही.

डॉक्टरीणबाई येऊन तपासून गेल्या. जाताना कामाच्या खोलीत थांबून त्यांनी मास्तरांना स्पष्ट सांगितलं, "फुप्फुसं परत नवी होणार नाहीत. पण ऊब मिळाली तर तो अजून कित्येक वर्षं काढेल. गार हवा मात्र त्याच्या छातीला चालणार नाही. खोली उबदार ठेवा, एवढं एकच औषध तुमच्या हातात आहे."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने ती चावी उघडली आणि पहिल्यांदाच माझं पाणी पाचव्या खोलीत गेलं. परतलं तेव्हा ते इतकं गार होतं की मी दचकलो. मिस्त्री खिडकीशी आला. "मास्तर, जुना रेडिएटर पुरणार नाही. मोठा बसवायला हवा. आणि थंडी वाढली की हे यंत्रही कमी पडेल. पाच खोल्यांचं नाही ते."

बघा मित्रांनो, तेव्हा वेळ होती. चांगले दोन महिने होते. पण मास्तरांच्या डोक्यावर भिंतीला तो कागद होता. माप चुकलं असं म्हणायचं, तर का चुकलं तेही बोलावं लागलं असतं. "बघू थंडी पडल्यावर," ते म्हणाले.

आणि मुलगा? काकू रोज विचारायच्या, "गार तर नाही ना रे?" मागाहून त्या मास्तरांना त्याचं उत्तर सांगायच्या: "म्हणतो, छान गरम आहे आई." खोटारडा! परत येणारं पाणी मला काय गरम-गार ते सांगत होतं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण यंत्राचं बोलणं म्हणजे घरघर, आणि मी तर कमी आवाजासाठीच निवडलेला.

मग थंडी आली, आणि आली ती हाडं फोडायलाच. माझ्या पाठीवर बर्फ धरू लागला. बर्फ धरला की मला थांबावं लागतं, स्वतःचीच थोडी ऊब खर्चून तो वितळवावा लागतो आणि मग पुन्हा धावावं लागतं. दिवसातून वीसदा, तीसदा. मास्तरांनी बाकीच्या खोल्या बंद केल्या, फक्त गिऱ्हाइकं बसतात म्हणून कामाची खोली चालू ठेवली आणि उरलेलं सगळं पाणी टोकाच्या खोलीकडे सोडलं. मी जीव तोडून धावलो. पण अरुंद रेडिएटर कोमट पाण्याने काय तापणार? विजेची शेगडी आणून लावली, तर जुन्या वायरींना दोघांचा भार सोसेना; फ्यूज उडाला आणि मीही तासभर बंद पडलो. त्या तासात खोकला घरभर ऐकू येत होता. मोठा रेडिएटर मागवला, पण रस्ते बर्फाने बंद, दुकानवाल्या बाई म्हणाल्या, तीन आठवडे तरी लागतील.

एका सकाळी मास्तर स्वतः त्या खोलीत गेले. परत आले ते धावत. मला टेबलावरचं सगळं खाली ढकलल्याचा आवाज आला: कात्री, इस्त्री, कोणाचा तरी अर्धा शिवलेला कोट. "अगं, धर तिकडून! आण त्याला इकडे!" दोघा म्हाताऱ्यांनी मिळून मुलाचा पलंग कामाच्या खोलीत ओढला. सगळ्या घरात तीच एक खोली खरी उबदार होती, आणि ती पहिल्या दिवसापासून तिथेच होती, वीस पावलांवर.

तो तिथे चार दिवस होता. ते चार दिवस मी त्या एका खोलीसाठी जे धावलो, तसा आयुष्यात कधी धावलो नाही. परतणारं पाणी गरम येत होतं. पण उशीर झाला होता. छाती गारठ्याने धरली होती ती सुटेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी मास्तर त्याच्याजवळ बसले होते. मुलाची नजर भिंतीवरच्या कागदावर गेली असणार.

"फाडून टाकतो तो," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"राहू दे बाबा," मुलगा दम घेत घेत म्हणाला. "माप बरोबर आहे. तेव्हा मी नव्हतोच ना घरात."

मास्तर रडले. मोठ्याने, लहान मुलासारखे रडले. "होतास रे," ते म्हणत होते, "होतास. तुझी आई रोज झाडत होती." दुसऱ्या दिवशी सकाळी खोकला थांबला.

घरात माणसं आली, बसली आणि गेली. गल्लीने सगळा दोष माझ्या डोक्यावर फोडला: यंत्रच टाकाऊ, स्वस्तातलं घेतलं की असंच होतं. तो चांभारसुद्धा खिडकीशी येऊन मला शिवी घालून गेला. मी एकदाही बिघडलो नव्हतो, मित्रांनो. पण कोणाला सांगू?

मास्तर बाहेर आले. हिवाळाभरात पहिल्यांदाच त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "त्याला नावं ठेवू नका," ते चांभाराला म्हणाले. "मापात पाप माझं होतं." सात वर्षांत मला मिळालेली सगळी शाबासकी मी या एका वाक्यावरून ओवाळून टाकली असती, आणि हे वाक्य ऐकायला नसतं मिळालं तर किती बरं झालं असतं, असंही वाटलं.

बर्फ वितळल्यावर दुकानवाल्या बाई आल्या, या वेळी स्वतः टेप घेऊन. सगळं घर मोजून त्या माझ्याजवळ येऊन कागदावर लिहीत उभ्या राहिल्या.

"मास्तर, राग मानू नका," त्या हळूच म्हणाल्या. "त्या टोकाच्या खोलीत आता कोण राहणार आहे?"

"कोणी नाही."

"मग ती बंद ठेवा. आहे त्याच यंत्रात तुमचं निभेल. उगाच मोठं कशाला?"

चांभार कुंपणापलीकडून पुटपुटला, "वरातीमागून घोडं." मास्तरांनी ऐकलं. मानही वळवली नाही.

"बाई, ती खोली धरा," ते म्हणाले. "आधी ती धरा. मग बाकीच्या."

म्हणून मी इथे आहे आणि माझ्या जागी माझा मोठा भाऊ उभा आहे. मला उतरवताना मिस्त्री सांगत होता, घरातला सगळ्यात रुंद रेडिएटर आता त्या खोलीत आहे. काकू अजूनही रोज ती झाडतात. मास्तर कोट बेतायला तिथे बसतात, पण शिवणाच्या यंत्राचा आवाज फारसा येत नाही म्हणे.

मित्रांनो, तुमच्या घरी कधी माझ्यासारखं यंत्र घ्यायची वेळ आली, तर मोठ्यांना माझं नाव सांगून एवढं सांगा. किंमत विचारा, हमी विचारा, सगळ्यात गार दिवशी यंत्र काय करेल ते विचारा आणि मोजायला दुसऱ्या कोणाला तरी घरी बोलवा. तो आला की घरातली सगळी दारं उघडा. ज्या दाराशी हात अडखळेल, ते तर आधी उघडा. यंत्र काय, बदलून मिळतं.