गुडघ्याशी धरायची मेणबत्ती

तीन दिवस खाऊ घालूनही एर्सीलियाला जावई पटला नव्हता. कोर्रादो मिलानचा. लिफ्टच्या कारखान्यात नकाशे काढायचा, ताटातलं सगळं संपवायचा आणि वाइनचा पेला नाकाशी धरून डोळे मिटायचा. एर्सीलियाच्या मते डोळे मिटून पिणाऱ्याला वाइन कळत नाही, आपण पितोय एवढंच कळतं. पण दोनातेल्ला आठ महिन्यांची गरोदर होती आणि बाळंतपणाआधी एकदा माहेर बघून जावं म्हणून त्याला घेऊन आली होती. लग्नाला चार वर्षं झाली तरी जावई ओर्व्हिएतोच्या डोंगरावर पहिल्यांदाच चढला होता. आता आलाय तर सांभाळून घ्यायला हवं होतं.

ऑक्टोबरातला रविवार. द्राक्षं तुडवून आठवडा झाला होता आणि गल्लीतल्या प्रत्येक घराखालच्या तळघरात रस आंबून खदखदत होता. भट्टीत बडीशेप लावलेलं डुकराचं मांस भाजत होतं, आणि नेमकी तेव्हाच टेबलावरची वाइनची सुरई रिकामी झाली.

"सासूबाई, मी आणतो," कोर्रादो उठला.

"तुम्ही? एकेचाळीस पायऱ्या आहेत, जावईबापू. तुमची लिफ्ट नाही तिथं."

"म्हणूनच बघायचंय. कुठं बसवता येईल ते सांगतो."

दोनातेल्ला हसली. "जाऊ दे ना, आई. तीन दिवस तुझे टोमणे खातोय बिचारा. एक तरी काम करू दे."

तळघराच्या दाराशी भिंतीत कोनाडा होता, त्यातली मेणबत्ती एर्सीलियाने काढली. तिच्या उजव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती. दारात सापडून मोडली, असं ती विचारणाऱ्याला सांगायची. काडी ओढताना ते बोट नेहमीच आड यायचं.

"रस उकळतोय खाली. ही विझली तर तसंच मागं फिरायचं, एक पाऊलही पुढं नाही."

"तळघरात विजेचा दिवा नाही?"

"आहे. पण विजेचा दिवा माणूस मेला तरी जळत राहतो."

कोर्रादोला ती सासूबाईंची आणखी एक कोपरखळी वाटली. तो हसला, मेणबत्ती आणि सुरई घेऊन निघाला. "उजवीकडचं पिंप," ती मागून म्हणाली, "तोटी अगदी खाली आहे," आणि मांस उलटायला वळली.

वळली तरी तिला काहीतरी खटकलं. हातात काटा तसाच धरून तिने मागं पाहिलं. दार उघडंच होतं आणि जिन्याचं छत उजळलेलं होतं. पायऱ्या मात्र अंधारात होत्या.

आयुष्यात तिने हे कधी पाहिलं नव्हतं. या जिन्यात उजेड पायऱ्यांवर पडायचा, छत काळं राहायचं. कारण मेणबत्ती गुडघ्याशी धरायची असते. हे कुणी कुणाला सांगत नाही. लहान मूल बापामागून पहिल्यांदा उतरतं तेव्हा बापाच्या गुडघ्याशी धरलेली ज्योत त्याच्या डोळ्यांसमोरच असते, तेवढ्यावर ते शिकतं. उकळत्या रसातून निघणारी जड, विषारी हवा पाण्यासारखी खाली साठते. ज्योत गुडघ्याशी विझली तर माणसाला मागं फिरायला वेळ मिळतो. कोर्रादोने ती डोक्याशी धरली होती, देवळातली चित्रं बघत फिरतात तशी. वर ज्योत जळत राहणार होती, तो श्वास घेत राहणार होता, आणि मग तोटीशी वाकणार होता.

विझली तर मागं फीर, एवढं तिने सांगितलं. कुठं धरायची ते सांगितलंच नाही.

"कोर्रादो!"

खालून सुरई फुटल्याचा आवाज आला. छतावरचा उजेड गेला.

 एर्सीलियाच्या हातातून काटा पडला. दोनातेल्ला खुर्ची ढकलून उठली, एवढं पोट घेऊन कशी पळाली देव जाणे, पण दाराशी ती आईच्या आधी पोचली. तिचा पाय पहिल्या पायरीवर पडला आणि एर्सीलियाने तिला मागून छातीखाली दोन्ही हातांनी विळखा घातला.

"सोड मला."

"नाही."

"आई, तो खाली आहे. सोड!"

'पहिला मरतो चुकीनं, दुसरा मरतो मायेनं,' असं या गावात म्हणतात. त्यातला दुसरा एर्सीलियाच्या घरातून गेला होता. बावीस वर्षांपूर्वी, याच महिन्यात, तिचा दीर आर्मीदो खाली कोसळला आणि नवरा सेत्तीमियो त्याच्यामागं धावला. दोघांनाही एकाच दुपारी वर आणलं. नऊ वर्षांची दोनातेल्ला शाळेतून आली तेव्हा बाप टेबलावर होता. 'तू बाबांना जाऊ कसं दिलंस?' एवढंच तिने विचारलं होतं. एर्सीलिया गप्प राहिली होती, आणि तो प्रश्न तेव्हापासून दोघींच्या मध्ये घरातल्या सामानासारखा पडून होता.

"ग्वाल्तिएरो!" खिडकीकडे तोंड करून ती ओरडली. समोरच्या घरातला शेजारी ग्वाल्तिएरो खिडकीत आला. "माझा जावई खाली आहे. दिवा विझलाय."

त्याने दुसरं काही विचारलं नाही. बंबाची गाडी खालच्या स्टेशनाजवळून वर यायला वीस मिनिटं घेते, हे त्यालाही ठाऊक होतं. बायकोला त्याने फोनकडे पिटाळलं, आणि स्वतः दोर आणि म्हाताऱ्या बापाची मोठी काळी छत्री घेऊन अंगणातल्या हवेच्या विहिरीकडे धावला. तळघरात उतरणारी ती सरळ विहीर होती. छत्री उघडून मुठीला दोर बांधला की ती उलटी लोंबते. ती खाली सोडायची आणि वर ओढायची, बादलीने पाणी उपसावं तशी जड हवा उपसायची. एर्सीलियाला दोराची घसट ऐकू येऊ लागली. किती सावकाश चाललं होतं ते.

दोनातेल्ला हिसके देत होती. तिने आईच्या नडगीवर लाथ मारली, मग मनगटाला चावली. दात आत गेले. "तो मरतोय आणि तू मला धरून बसलीयस. बाबांच्या वेळीही तू अशीच उभी होतीस!"

एर्सीलियाने हात सैल केले नाहीत. ती भ्यायली होती. बावीस वर्षांपूर्वी भ्यायली होती त्याहून जास्त, कारण तेव्हा पुढं काय होतं ते तिला माहीत नव्हतं. हातांखाली पोटातलं बाळ हललं. मग अंधाराकडे तोंड करून ती ओरडली, आणि पहिल्यांदाच जावयाला अरे-तुरे केलं.

"कोर्रादो! बसू नकोस! बसलास तर मेलास! भिंत धर. कबुतरांचे कोनाडे आहेत भिंतीत, त्यात पाय घाल आणि वर चढ! ऐकतोयस का? वर चढ, गाढवा!"

खालून काहीच आलं नाही.

जुन्या काळी कबुतरं पाळायला खडकात कोरलेले ते कोनाडे पार छतापर्यंत जात होते. ती पुन्हा ओरडली. कोनाडे, पाय, वर. घसा फाटला तरी तेच तेच ओरडत राहिली. पाच मिनिटं झाली की पंधरा, तिला कळलं नाही. दोनातेल्लाचे हिसके थांबले. ते एर्सीलियाला जास्त भयंकर वाटलं. आपण मुलीला विधवा करून वाचवतोय, असं तिच्या मनात आलं. तरी तिने सोडलं नाही.

मग ग्वाल्तिएरो अंगणातून आत आला. त्याने दोरीला बांधून पेटता कंदील विहिरीतून तळापर्यंत सोडला होता आणि तो विझला नव्हता. आता दोर त्याच्या कमरेला होता आणि दुसरं टोक बायकोच्या हातात. तो दोघींच्या बाजूने जिन्यात उतरला, मेणबत्ती गुडघ्याशी धरून. पायऱ्या उजळत गेल्या, छत काळं राहिलं.

"एर्सीलिया," बऱ्याच वेळाने त्याचा आवाज आला. "छताला चिकटलाय तुझा जावई. पालीसारखा. बोटं सोडायला तयार नाही."

कोर्रादो वर आला तो पांढराफटक. नखं तुटलेली, अंगभर पिवळी दगडाची भुकटी. उंबऱ्यात त्याला उलटी झाली. दोनातेल्ला त्याचं डोकं छातीशी धरून बसली. वाकलो तेव्हा नाकात सोड्यासारखं झोंबलं, गुडघे गेले, आणि अंधारात कुणीतरी गाढव म्हणत होतं तेवढंच ऐकू आलं, असं तो तुटक तुटक सांगत होता.

"मेणबत्ती गुडघ्याशी का नाही धरलीस?" दोनातेल्लाने विचारलं. "आईनं सांगितलं नव्हतं?"

कोर्रादोने सासूकडे पाहिलं. "सांगितलं होतं. मीच विसरलो."

"खोटं बोलतोय," एर्सीलिया म्हणाली. ती पहिल्या पायरीवरच बसली. "मी सांगितलं नाही. माझ्या ध्यानातच आलं नाही की कुणाला हे माहीत नसेल."

 भट्टीतून मांस करपल्याचा वास येत होता, पण कुणी उठलं नाही. बऱ्याच वेळाने दोनातेल्ला सरकत आईजवळ आली आणि तिचं मनगट हातात घेतलं. दातांच्या खुणांतून रक्त आलं होतं.

"माझ्या फासळ्या दुखतायत," ती म्हणाली. "किती जोरात धरलं होतंस."

"हं."

"बाबांनाही धरलं होतंस?"

एर्सीलियाने मान डोलावली. "याहून जोरात. पण त्याच्यात ताकद जास्त होती. एकेक करून बोटं सोडवली त्यानं माझी."

दोनातेल्लाने हातातल्या त्या हाताकडे पाहिलं. मग दारात सापडून मोडली असं आई सांगायची, ती वाकडी करंगळी तिने आपल्या मुठीत धरली.